एम.लिब.चं वर्ष आणि मराठी पुस्तकाची नोंद

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सहाय्यक आहे. बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, आधीच झालेली होती. देवघेवीचं टेबल, दाखल नोंदवही, वर्षअखेरची साठा पडताळणी ही कामं अंगवळणी पडलेली. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यायची तर एम.लिब.आय.एस्सी., म्हणजे ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. ज्यांना पुढे हा अभ्यासक्रम करायचा आहे आणि ज्यांच्या ग्रंथालयात बहुतेक पुस्तकं मराठी आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. वर्गात सोडवून घेतलेलं जवळजवळ प्रत्येक उदाहरण इंग्रजी पुस्तकाचं होतं. प्रकल्पाला बसल्यावर मात्र हातात आली ती मराठी पुस्तकं, आणि तीही अशी की शीर्षकपानावर 'शके १८१२' एवढंच छापलेलं, आणि ग्रंथकाराच्या नावाच्या जागी 'एक गृहस्थ'.

वर्गीकरणाचं प्रात्यक्षिक मला मनापासून आवडतं. डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं त्यांनी ग्रंथरूपात मांडली आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. विषय हातात आला की त्याचे पैलू सुटे करायचे आणि मग ठरलेल्या क्रमानं पुन्हा जोडायचे. फुप्फुसाचा क्षय, त्यावर क्ष-किरण उपचार, भारतात, १९५० मध्ये, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. साहित्याच्या वर्गात तर ग्रंथकाराचं जन्मवर्षच वर्गांकात, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या आकड्यात येतं: अक्षर शतकाचं, आकडा वर्षाचा. शेक्सपिअर १५६४ चा, म्हणून जे६४. हरि नारायण आपटे १८६४ चे, म्हणून एम६४. तीनशे वर्षांचं अंतर एका अक्षराच्या बदलात बसतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी फळ्यावरचे आकडे वहीत उतरवायचं सोडून नुसती बघत राहिले होते. प्रत्यक्षात द्विबिंदू पद्धतीनं लावलेली ग्रंथालयं आपल्याकडे हाताच्या बोटांवर. तरी एखाद्या विषयाचे पदर कसे उलगडायचे हे त्या पद्धतीइतकं चांगलं मला दुसऱ्या कशानंही शिकवलेलं नाही.

रोजच्या वापरात आहे ती ड्यूईची दशांश पद्धत, १८७६ सालची. तिच्यात ८०० म्हणजे साहित्य. त्यातले ८१० ते ८८० हे आकडे अमेरिकन आणि इंग्रजी साहित्यापासून लॅटिन आणि ग्रीकपर्यंत वाटले गेलेत, आणि उरलेल्या सगळ्या जगाच्या भाषा ८९० मध्ये. म्हणून इंग्रजी कादंबरी ८२३ वर थांबते आणि मराठी कादंबरीला ८९१.४६३ लिहावं लागतं. ज्या ग्रंथालयात निम्म्याहून अधिक पुस्तकं मराठी साहित्याची, तिथे प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर हा एवढा आकडा चिकटवायचा आणि त्याखाली ग्रंथकाराच्या आडनावाची अक्षरं. स्थानिक भाषेला जवळचा आकडा देण्याची मुभा ड्यूईच्या योजनेतच आहे, पण ती घेणारं ग्रंथालय मी अजून पाहिलेलं नाही. गोव्याहून आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीचं दुखणं वेगळंच होतं. कोकणी साहित्याचा आकडा ८९१.४६९, म्हणजे मराठीच्याच घरातला एक कोपरा. कोकणी १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली, आणि पुस्तकाच्या पाठीवर मात्र ती अजून मराठीच्या पोटात. ती हे इतक्या कळकळीनं बोलायची की पुढे कोकणी पुस्तकांच्या वर्गीकरणावरच तिनं आपला प्रकल्प केला.

एका तासाला मॅडमनी विचारलं, ज्ञानेश्वरी कुठे ठेवाल? भगवद्गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ खाली, की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ खाली? वाद तास संपेपर्यंत चालला. कुणी म्हणालं, गीतेच्या शेजारी ठेवली तर कीर्तनकारांना सोपं जाईल. कुणी म्हणालं, मराठी विभागाची मुलं तिथे कशाला जातील? तुकोबांच्या गाथेचंही तेच, आणि बखरींचंही: इतिहासात घालायच्या की गद्यात? मॅडमनी उत्तर दिलं नाही. कपाटात पुस्तक एकाच जागी राहू शकतं, तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या शोधयादीत, ते हव्या तितक्या जागी भेटू शकतं, एवढंच म्हणाल्या. मला तरी त्या वर्षातल्या सगळ्या व्याख्यानांमध्ये हे वाक्य सर्वांत कामाचं वाटतं.

तालिकीकरणाचं प्रात्यक्षिक अजूनही कार्डावरच होतं. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड, त्यावर लाल शाईनं दोन उभ्या रेघा आणि एक आडवी. पहिल्या उभ्या रेघेपासून ग्रंथकार, दुसरीपासून ग्रंथनाम. बऱ्याच जणांना हे कालबाह्य वाटायचं. संगणक असताना रेघा कशाला मारायच्या, असं वर्गात उघड बोललं जायचं. माझं मत उलट आहे. कार्ड हातानं लिहिताना काय शीर्षकपानावरून घेतलं आणि काय आपण बाहेरून शोधून चौकटी कंसात घातलं, हा फरक अंगात मुरतो. पुढे संगणकावर मार्क २१ च्या, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीसाठी ठरलेल्या आकडेवार रकान्यांच्या साच्यात नोंद करताना ज्यांनी कार्डं मन लावून लिहिली होती त्यांचे हात अडखळले नाहीत. २४५ म्हणजे ग्रंथनाम, १०० म्हणजे ग्रंथकार, ३०० म्हणजे पृष्ठं आणि आकार. हे आकडे पाठ होतात, पण त्या रकान्यात नेमकं काय जातं हे कार्डानं शिकवलेलं असतं.

बाकीचे विषय भराभर सांगते. संदर्भ सेवेच्या पेपरसाठी एकच विषय तीन कोशांत शोधून तुलना करायची होती. मी 'सातारा' घेतला: १८८५ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर, केतकरांचा तेवीस खंडांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश. गॅझेटिअरला जिल्ह्याच्या महसुलात रस, केतकरांना समाजात, विश्वकोशाला नेमकेपणात. कोश कुणी, कशासाठी, कोणत्या वर्षी केला हे पाहिल्याशिवाय त्यातली माहिती वाचकाच्या हाती देऊ नये हे तिथे पक्कं झालं. ग्रंथमितीचा पेपर, म्हणजे पुस्तकं-लेखांची आकडेवारीनं मोजदाद, मी परीक्षेपुरता केला. संशोधन पद्धती आणि व्यवस्थापनाबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

प्रकल्पाचा विषय मात्र मी प्रवेश घेतानाच मनाशी ठरवला होता. आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. त्यातल्या १९५० पूर्वीच्या मराठी पुस्तकांची संगणकीय तालिका करायची. अशी वाचनालयं ही महाराष्ट्राची फार मोठी मिळकत आहे असं मी मानते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी वर्गणी काढून ही घरं उभी केली. कायद्यानं त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान दिलं. पण तिथे काम करणाऱ्यांचा पगार त्या अनुदानातूनच निघतो, आणि तो इतका तुटपुंजा असतो की जुन्या पुस्तकांची नोंद करायला वेगळं माणूस ठेवणं कुणालाच जमत नाही. अशा वाचनालयांत अभ्यासक्रमातल्या मुलांनी जायला हवं, हे माझं ठाम मत आहे.

मी गेले त्या वाचनालयातल्या ग्रंथपाल माझ्या आईच्या वयाच्या. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला ताई. पहिल्याच दिवशी त्यांनी मागच्या खोलीतली कपाटं उघडून दिली आणि म्हणाल्या, "ताई, ह्यातलं कायपण काढा, पण परत ठेवताना आहे त्या जाग्यालाच ठेवा. मला डोळे मिटून सापडतंय, पण मी गेल्यावर कुणाला सापडायचं न्हाई." त्यांची जागा लावण्याची पद्धत जुनी होती: 'का' म्हणजे कादंबरी, 'ना' म्हणजे नाटक, 'च' म्हणजे चरित्र, आणि पुढे आलेल्या क्रमानं आकडा. या पद्धतीला वर्गात कुणी पद्धत म्हणणार नाही. मी ती मोडली नाही. ड्यूईचा आकडा मी तालिकेत वेगळ्या रकान्यात भरला आणि पुस्तकाचा कपाटातला पत्ता मावशींचाच ठेवला. माझ्या मार्गदर्शक सरांना हे आधी पटेना. वाचनालयात एकदा येऊन मावशींना पुस्तक काढताना पाहिल्यावर त्यांनी स्वतःच प्रबंधात त्यावर एक परिच्छेद लिहायला सांगितलं.

कपाटातली पुस्तकं नाजूक होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ झालेला. पान उलटताना कडा तुटते. काहींना कसर लागलेली, एका कपाटाच्या तळाला वाळवी. आधीच्या कुणीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावून 'दुरुस्त' केलेली पानं सर्वांत वाईट अवस्थेत होती. चिकटपट्टीचा गोंद कागदात उतरून तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. जुन्या पुस्तकाला चिकटपट्टी लावू नका, हे मी भेटेल त्या वाचनालयात सांगते. धूळ मऊ ब्रशनं झटकायची, फाटलेलं पान पातळ टिश्यू कागदानं आणि पाण्यानं सुटू शकेल अशा खळीनं जोडायचं, आणि जे जोडता येत नाही ते आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवायचं. एवढं कुठलंही वाचनालय करू शकतं.

आता नोंदीकडे येते. शीर्षकपानावर वर्ष शकात असेल तर त्यात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, म्हणून शके १८१२ म्हणजे १८९० किंवा १८९१. महिना छापलेला नसेल तर दोन्ही वर्षं कंसात द्यावी लागतात. काही पुस्तकांना शीर्षकपानच नव्हतं. तेव्हा मागच्या पानावरची जाहिरात, छापखान्याचं नाव, 'सन १८६७ चा आक्ट २५ प्रमाणें रजिष्टर' ही ओळ, किंमत आण्यांत की रुपयांत, अशा खुणा गोळा कराव्या लागत. त्या ओळीतला आक्ट म्हणजे छापखान्यांचा आणि पुस्तकनोंदणीचा कायदा. त्याखाली प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे जमा व्हायच्या आणि इलाख्याच्या याद्या निघायच्या. अडलं की शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडायची. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ती सूची. त्या माणसानं कुठल्या साधनांनिशी हे काम केलं असेल असा विचार मनात आल्याशिवाय मी ते खंड कधीच मिटलेले नाहीत. शीर्षकपान हरवलेल्या कित्येक पुस्तकांना त्यांचं नाव दात्यांनी परत दिलं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ग्रंथकारांच्या नावांवर. इंग्रजी उदाहरणांत आडनाव, स्वल्पविराम, नाव, की झालं. मराठीत कृष्णाजी केशव दामले यांना केशवसुत म्हणूनच शोधतात, त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे बालकवी हे बहुतेक वाचकांच्या गावीही नसतं. राम गणेश गडकरी नाटकांवर गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज, नाटकात वि. वा. शिरवाडकर. आंग्ल-अमेरिकन नियमावली सांगते, एखाद्या लेखकानं वेगवेगळ्या प्रकारच्या लेखनासाठी वेगळी नावं जाणीवपूर्वक वापरली असतील तर ती वेगळीच ठेवा आणि 'हेही पाहा' असा दुवा द्या. हा नियम जणू मराठीसाठीच लिहिलाय असं वाटावं. पण दुवा देण्यासाठी आधी कुणाला तरी माहिती असावी लागते, आणि इथेच लेखिकांचं नुकसान झालंय. मालतीबाई बेडेकर, विभावरी शिरूरकर आणि बाळूताई खरे ही एकच व्यक्ती हे आपल्याला माहीत आहे, कारण १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. ज्यांच्या बाबतीत असं वादळ उठलं नाही, त्यांचं माहेरच्या नावानं छापलेलं एक पुस्तक एका कपाटात आणि सासरच्या नावानं छापलेलं दुसरं पुस्तक दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही एकाच बाईची आहेत हे सांगायला कुणी नाही. 'सौ.', 'कै.', 'ती.' या उपपदांनी तर आणखी घोळ. 'सौ. यमुनाबाई' एवढंच छापलेलं असलं की पुढे हात टेकायची वेळ येते.

अशा नावांसाठी मी संगणकावर वेगळ्या प्रमाणित नोंदी केल्या: मुख्य रूप एक, बाकीची रूपं त्याखाली. वाचकानं कुठलंही रूप टाकलं तरी सगळी पुस्तकं पुढे यावीत. हे काम दिसत नाही. प्रबंधातली पानं त्यानं वाढत नाहीत. पण माझ्या मते तालिकेचा कणा तोच आहे.

तालिकेसाठी आम्ही 'कोहा' वापरलं. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालेली ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली २००० सालापासून वापरात आहे, आणि ती मुक्त असल्यामुळे वाचनालयाला एक पैसाही पडला नाही. महाविद्यालयानं काढून टाकलेला एक संगणक आम्ही मागून घेतला, त्यावर लिनक्स चढवलं. आमच्या वर्गातला एक मुलगा संगणकाच्या बाबतीत हुशार होता. मराठीत शोध नीट चालायचा तर अनुक्रमणिकेची मांडणी वेगळ्या पद्धतीनं ठरवावी लागते हे त्यानं शोधून काढलं. मूळ मांडणीत मात्रा-वेलांट्या सुटून अक्षरं विस्कळीत होत होती. आयसीयू नावाची पद्धत लावल्यावर शब्द शब्दासारखे ओळखले जाऊ लागले. नवीन पुस्तकांच्या नोंदी बाहेरून उतरवून घेण्याची सोयही कोहात आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून मराठी पुस्तकं घेतंय, त्यामुळे तिथे मराठी पुस्तकाची नोंद पुष्कळदा तयार सापडते. सापडते, पण रोमन लिपीत, वरखाली टिंबं-रेघा दिलेली. ती उतरवून घेतली तर मावशींच्या वाचनालयात कुणीही ते पुस्तक कधीच शोधू शकणार नाही. म्हणून प्रत्येक नोंद देवनागरीत पुन्हा लिहायचं ठरवलं.

देवनागरीत लिहिल्यावर पुढचा डोंगर समोर आला, तो लेखनाचा. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं', 'पुस्तकें' असंच छापलेलं आहे. हरि नारायण आपट्यांची कादंबरी शीर्षकपानावर 'पण लक्षांत कोण घेतो!' अशी आहे. आजची विद्यार्थिनी 'लक्षात' टाइप करते आणि संगणक सांगतो, पुस्तक नाही. पुस्तक तर दोन हातांवरच्या कपाटात असतं! नियम सांगतो की शीर्षकपानावर जसं आहे तसंच उतरवा, आणि तो नियम मला मान्य आहे, कारण जुनं लेखन हा त्या पुस्तकाचा पुरावा आहे. म्हणून २४५ मध्ये जसंच्या तसं आणि २४६ मध्ये, म्हणजे ग्रंथनामाच्या पर्यायी रूपाच्या रकान्यात, आजच्या लेखनातलं रूप. प्रत्येक पुस्तकासाठी. शिवाय 'ऱ्य' दोन वेगळ्या तऱ्हांनी टंकता येतो, 'ॲ' हे अक्षर यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सामायिक संकेतांत, २००८ मध्ये आलं आणि त्याआधीच्या नोंदींत 'अ' वर चंद्र वेगळा ठेवलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. याची एक यादी करून आम्ही भिंतीवर लावली: या वाचनालयात कोणतं अक्षर कसं टंकायचं. पुढे येणाऱ्या कुणालाही प्रबंध वाचायची गरज नाही, ती यादी वाचली तरी पुरे.

काही पुस्तकांची छायाचित्रं काढून ती वाचायला खुली करायची होती. इथे स्वामित्वहक्काचा कायदा आला, १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ मध्ये गेले, त्यांच्याबद्दल प्रश्नच नाही. मालतीबाई २००१ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांची पुस्तकं २०६१ संपेपर्यंत हक्काखाली. पण तालुक्यातल्याच एखाद्या शाळामास्तरांनी १९२५ मध्ये छापलेल्या पोवाड्यांच्या पुस्तकाचं काय? मास्तर कधी वारले? चित्रावशास्त्र्यांच्या चरित्रकोशात ते नाहीत. मावशींनी सुचवलं, "त्यांच्या नातसुनेला विचारा की, मारुतीच्या देवळामागं राहत्यात." नातसुनेनं भिंतीवरच्या तसबिरीखाली लिहिलेली तारीख वाचून दाखवली आणि मी ती नोंदीत घातली. विद्यापीठात बसून ही नोंद पूर्ण झाली नसती.

प्रकल्पाचा एक भाग वाचकांचा अभ्यास होता. प्रश्नावली द्या, टक्केवारी काढा, तक्ते करा, असा तो शिकवला जातो. तालुक्याच्या वाचनालयात येणारे वाचक प्रश्नावली नम्रपणे हातात घेतात आणि टेबलावर ठेवून जातात. सरांच्या परवानगीनं मी मावशींच्या शेजारी देवघेवीच्या टेबलावर बसून लोक पुस्तक कसं मागतात ते लिहून घेतलं. "ती घोड्यावरचा शिवाजी असलेली कादंबरी." "मागच्या खेपेला नेलं त्याच बाईंचं दुसरं." "नातवाच्या निबंधाला सावित्रीबाईंवर काहीतरी, पण लहान असू द्या." "आमच्या आजोबांनी लिहिलेलं एक नाटक होतं म्हणत्यात, बघा बरं आहे का." ग्रंथकार आणि ग्रंथनाम दोन्ही अचूक सांगणारे फार थोडे. रंगनाथनांचं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, मी परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं. त्या टेबलावर कळलं की हा वेळ नोंद करणाऱ्यानं आधीच खर्च करावा लागतो. विषयाच्या रकान्यात मी एक शब्द लिहून थांबत असे, तिथे आता तीन-चार लिहू लागले. स्थळांची नावं घातली, मुखपृष्ठावरच्या चित्राचं वर्णन टीपेत घातलं. आजोबांचं नाटक सापडलं. त्या कुटुंबातलं कुणीच ते आधी वाचलेलं नव्हतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एवढ्या कमी पुस्तकांची तालिका हा पदव्युत्तर प्रकल्प कसा काय?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना एका पुस्तकाची नोंद पडद्यावर उघडून दाखवली आणि प्रत्येक रकान्यातली माहिती कुठून आली ते सांगत गेले: वर्ष मागच्या जाहिरातीवरून, लेखिकेचं दुसरं नाव एका मासिकातल्या सहीवरून, विषय वाचकांच्या मागणीवरून. दुसऱ्या नोंदीपर्यंत आल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्या गावच्या वाचनालयातल्या एका पुस्तकाबद्दल विचारू लागले.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांपर्यंत हे पोहोचावं अशी माझी इच्छा आहे. तालिकीकरणाच्या प्रात्यक्षिकात निम्मी पुस्तकं मराठी असावीत, आणि त्यातली काही १९६२ पूर्वीची. मराठी ग्रंथकारांच्या नावांची एक सामायिक प्रमाणित यादी असावी, सगळ्या ग्रंथालयांना उघडी. आज प्रत्येक ग्रंथालय कुसुमाग्रजांना आपापल्या मनानं लिहितं, आणि एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याच्या उपयोगाला येत नाही. हे काम एकट्या विद्यार्थ्याचं नाही, पण दरवर्षी राज्यातल्या विद्यापीठांमधून इतके लघुप्रबंध होतात, त्यातले थोडे जरी या एका यादीकडे वळवले तरी ती उभी राहील.

आम्ही लहान प्रमाणावर सुरुवात केली आहे. मावशींचं वाचनालय आणि शेजारच्या तालुक्यातली दोन वाचनालयं मिळून नावांची एकच यादी वापरतो. पहिल्यांदा घेतल्या आहेत त्या १९५० पूर्वीच्या लेखिका, माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडून. ज्यांच्या घरी किंवा गावच्या वाचनालयात त्या काळातल्या मराठी मासिकांचे अंक असतील, त्यांनी अनुक्रमणिकेतली बायकांची नावं आणि लेखाखालची सही ताडून पाहावी. पुष्कळदा अनुक्रमणिकेत एक नाव असतं आणि लेखाच्या शेवटी दुसरं. अशी जोडी सापडली तर मासिकाचं नाव, वर्ष, अंक आणि पान एवढं लिहून तुमच्या जवळच्या ग्रंथपालांकडे द्या. त्यांनी ते नोंदीत घालायचं आहे, आणि कसं घालायचं ते मी हवं तेव्हा सांगायला तयार आहे.